फोंड्यातला जुना फ्लॅट: आधी पाणी, मग वायर, मग लाकूड, खरेदी सगळ्यात शेवटी

तुम्ही विचारलेलं आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे असाच फ्लॅट घेतलेल्या इतरांनाही उपयोग होईल. गोव्यात फोंड्याला ८५ चौरस मीटरचा, दोन बेडरूमचा फ्लॅट तुम्ही रीसेलमध्ये घेतला. इमारत पंचवीसेक वर्षांची, तळमजल्यावर तीन मजले, लिफ्ट नाही, तुमचं घर दुसऱ्या मजल्यावर. फेब्रुवारीत चावी हातात येईल आणि चवथीला गणपती याच घरात आणायचा आहे. सेल लागला होता म्हणून वॉर्डरोब, सोफा आणि गादी ऑनलाइन मागवूनही झाली. आता घरात काय फोडावं, काय ठेवावं आणि उरलेलं सामानही ऑनलाइनच घ्यावं का, असं तुम्ही विचारताय.

वॉर्डरोब आणि सोफ्याची ऑर्डर आजच रद्द करा. सामान गोदामातून निघण्याआधी रद्द केलं तर पैसे सहसा विनातक्रार परत मिळतात. दारात येऊन पडल्यावर तोच मामला किचकट होतो. परत करायची मुदत साधारण सात ते दहा दिवसांची असते आणि ती डिलिव्हरीपासून मोजतात, तुम्ही खोकं उघडाल त्या दिवसापासून नव्हे. तुमच्या घरात मार्चभर हातोडे चालणार. खोकी कुठल्यातरी कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून राहतील, मे महिन्यात उघडाल तेव्हा एखादी फळी तडकलेली निघेल आणि मुदत केव्हाच उलटून गेलेली असेल. सेल काय, वर्षातून अनेकदा लागतात.

गोव्यात घर दुरुस्त करायचं म्हणजे मुळात पाण्याचा बंदोबस्त करायचा. आपल्याकडे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. फोंडा समुद्रापासून आत आहे, त्यामुळे करंझाळे किंवा मिरामारसारखी खारी हवा तुमच्या खिडकीला थेट लागत नाही. पण सह्याद्रीकडे सरकावं तसा पाऊस वाढतो. म्हणून पहिले पैसे पाण्यावर, दुसरे वायरिंगवर, तिसरे लाकडावर आणि पडदे-सोफे सगळ्यात शेवटी. गिऱ्हाइकाला कितीही घाई असली तरी हा क्रम मी बदलत नाही.

फेब्रुवारीतली भिंत मात्र फसवी असते. पाऊस जाऊन चार महिने झालेले, विकणाऱ्याने नुकताच रंग दिलेला, घर कसं लख्ख दिसतं. अशा वेळी रंगाकडे पाहू नका. स्विचबोर्डाचे स्क्रू पाहा: बाहेरच्या भिंतीवरच्या बोर्डाचे स्क्रू गंजले असतील आणि आतल्या भिंतीवरचे चकचकीत असतील, तर ओल कुठून येते ते कळलं. स्कर्टिंगच्या वर पांढरी पूड, म्हणजे लोणा, आहे का बघा. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांत बोटाच्या पेराने टकटक करा. प्लास्टर पोकळ वाजलं तर ते सुटलेलं आहे. एकाच खोलीत एकच भिंत नवीन रंगवलेली असेल तर ती का रंगवली, हे सरळ विचारा.

शंका असेल तिथे दीड-दोन फुटांचा जाड प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा भिंतीला लावा, चारही कडा टेपने घट्ट बंद करा आणि दोन दिवस तसाच ठेवा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, दव धरलं तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला धरलं तर ती खोलीतल्या हवेची आहे, तिथे वॉटरप्रूफिंग करून पैसे घालवायचे नाहीत, हवा खेळेल अशी सोय करायची. या दोन रोगांची औषधं वेगळी आहेत आणि रंगाच्या दुकानात दोन्हींवर एकच डबा विकला जातो.

तुमच्या वयाच्या इमारतींच्या भिंती बहुधा चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या असतात. चिरा सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि फार सावकाश सोडतो. म्हणून बाहेरून येणारं पाणी आतून रोखायला जाऊ नका. आतून कितीही भारी कोटिंग मारलं तरी पाणी त्याच्या मागे साचतं आणि दोन पावसाळ्यांत पापुद्रे निघतात. बाहेरची भेग, सज्जाचा उतार, खिडकीच्या चौकटीभोवतीचं सीलंट, वरच्या मजल्याचा गळका पाइप, यातलं कारण शोधून ते बाहेरूनच बंद करायला हवं. बाहेरची भिंत सोसायटीची असते, म्हणून चावी मिळाल्याच्या पहिल्या आठवड्यातच सेक्रेटरींना लेखी पत्र द्या. परांची बांधायची झाली तर हे काम मे महिन्याच्या आत उरकावं लागतं.

आता एक काम असं सांगतो, जे फारच थोडे लोक करतात. टॉर्च घ्या, पेढ्यांचा पुडा घ्या आणि खालच्या मजल्यावर जा. त्यांच्या बाथरूमचं छत म्हणजे तुमच्या बाथरूमची प्रगतिपुस्तिका. नहाणी ट्रॅपभोवती, म्हणजे फरशीतलं पाणी जिथून खाली जातं त्या जागेभोवती, पिवळट गोल डाग असेल तर सांधा गळतो. सगळं छत ओलसर काळं असेल तर तुमच्या सन्कन स्लॅबमध्ये, म्हणजे बाथरूमखालच्या खोलगट स्लॅबमध्ये, पाणी साठलेलं आहे. तांबडे डाग पडून काँक्रीटचे पोपडे सुटत असतील तर आतली सळई गंजली. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीट फोडून बाहेर येतो. मग स्वतःच्या बाथरूमचं आणि स्वयंपाकघराचं छत तसंच तपासा. सुटलेलं काँक्रीट काढून, सळई घासून, गंजरोधक लेप देऊन पॉलिमर मॉर्टरने भरणं हा त्यावरचा उपाय, आणि सळई बरीच झिजली असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हात लावू नका. असं छत फॉल्स सीलिंगखाली झाकणारे कंत्राटदार आहेत. त्यांना दारातूनच परत पाठवा.

दोन्ही बाथरूम पूर्ण फोडा. अर्धवट फोडून उपयोग नाही. पंचवीस वर्षांपूर्वीचे कन्सील्ड (भिंतीत गाडलेले) पाइप जीआयचे, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचे असतील, आतून गंजून अर्धे बंद झालेले. ते काढून सीपीव्हीसीचे, म्हणजे गरम पाणीही सोसणाऱ्या प्लॅस्टिकचे टाका. नवीन लाइन प्लास्टरखाली जाण्याआधी हातपंपाने दाब देऊन गेजचा काटा रात्रभर तिथेच राहतो का ते सकाळी स्वतः पाहा. प्लंबर म्हणेल ‘झालं, ओके आहे’. काटा पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. वॉटरप्रूफिंगचे दोन हात, एक आडवा, एक उभा, भिंतीवर निदान एक फूट चढवलेले आणि शॉवरच्या बाजूला माणसाच्या डोक्याच्या वर. सुकलं की ट्रॅपला बूच मारून पाणी भरून ठेवा, अठ्ठेचाळीस तास. त्या दोन दिवसांत खालच्या शेजाऱ्यांना रोज फोन करा. पेढे इथे कामी येतात.

टाइल्स अँटीस्किड घ्या आणि उतार ट्रॅपकडे नीट आहे का ते बादलीभर पाणी ओतून बघा. बाथरूमच्या दाराला लाकडी चौकट नको, डब्ल्यूपीसीची (लाकूड-प्लॅस्टिक मिश्रणाची) किंवा ग्रॅनाइटची लावा.

वायरिंगवर काटकसर करू नका. त्या काळच्या घरांत एसी, इंडक्शन, मायक्रोवेव्ह, दोन-दोन गिझर यांचा हिशेबच नव्हता. दिव्या-पंख्यांना १.५ चौरस मिलिमीटर, पॉवर सॉकेटला २.५ आणि एसी-गिझरला प्रत्येकी स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, असं साधं गणित ठेवा. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की वीज तोडणारा स्विच, हवाच. ओल्या हवेत गळती करंटचा धोका खरा असतो आणि माणसाचा जीव वाचवणारं ते एकच बटण आहे. पण आरसीसीबी लावली की काम संपलं, असं नाही. इमारतीचा अर्थिंग पिट कुठे आहे, त्याची शेवटची देखभाल कधी झाली, हे वायरमनसोबत जाऊन बघा. लाल मातीत तो उन्हाळ्यात कोरडाठक पडलेला असतो. दोन एसी बसवणार असाल तर मंजूर लोड वाढवून घ्यायचा अर्ज मीटर नावावर करतानाच द्या.

फरशी? जुनी मोझॅक असेल तर फोडू नका, ही माझी मनापासूनची विनंती. मोझॅकची लादी वीस-पंचवीस मिलिमीटर जाड असते, मशीनने घासून पॉलिश केली की नव्यासारखी होते आणि पुढेही अनेकदा होईल. त्यावर नवीन टाइल चढवली तर स्लॅबवर वजन वाढतं, दारं खालून कापावी लागतात आणि बाल्कनीच्या उंबऱ्याची उंची कमी होऊन पावसाचं पाणी आत यायला वाट मिळते. तुटलेल्या लाद्या असतील तर बाथरूमबाहेरच्या पॅसेजमधल्या काढून हॉलमध्ये वापरा आणि पॅसेजला दुसरी फरशी घाला. सागाच्या किंवा फणसाच्या जुन्या चौकटी असतील तर त्याही राहू द्या. आत वाळवी नाही ना, एवढं स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहा. तसं लाकूड आज घ्यायला गेलात तर भाव ऐकून परत याल.

फॉल्स सीलिंगचा तुमचा विचार दिसतो. हॉलमध्ये करा हवं तर, पण गणपती जिथे बसणार त्या जागी आधी माटोळीचे (गणपतीवर फळं टांगायच्या लाकडी चौकटीचे) हूक स्लॅबमध्ये पक्के बसवून घ्या. नारळ, सुपारीची शिपटं, चिबूड, तोरिंजनं लटकली की चौकटीचं वजन बरंच होतं, ते जिप्समच्या पत्र्याला पेलणार नाही. सीलिंग झाल्यावर हूक मारायला निघालेली घरं दरवर्षी दिसतात. हूक स्टेनलेस स्टीलचे घ्या.

लाकूडकामात खरी बात येते. किचनच्या खालच्या कपाटांना, निदान सिंकखाली, आयएस ७१० या भारतीय मानकाची मरीन प्लाय घ्या. तिच्या चिकटवणीची परीक्षा बहात्तर तास उकळत्या पाण्यात होते. प्रत्येक शीटवर आयएसआय शिक्का आणि सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असतो. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की खरा की खोटा ते तिथेच कळतं. शीट कापण्याआधी बघा, कापल्यावर शिक्का कुठे गेला कोण शोधणार? मेस्ताला (सुताराला) सांगून कापलेली प्रत्येक कड सील करून घ्या, खालची, न दिसणारी कडसुद्धा. कपाट जमिनीवर न टेकवता चार इंचांच्या पीव्हीसी पायांवर ठेवा. बाहेरच्या भिंतीला वॉर्डरोब शक्यतो नकोच. दुसरी जागा नसेल तर मागे दीड-दोन इंच फट सोडा आणि वरखाली हवा जाईल असं ठेवा.

म्हणूनच तो ऑनलाइन वॉर्डरोब मी रद्द करायला सांगितला. वर्णनात ‘इंजिनिअर्ड वूड’ लिहिलेलं असतं, आणि त्या किमतीत तो बहुधा पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेली फळी, असतो. रायबंदरला नदीकाठच्या एका घरात असाच एक पाहिला. दर्शनी भाग अजून नवा कोरा, आणि खालची फळी फरशी पुसल्याच्या पाण्याने फुगून पावासारखी सुटलेली. बिजागरीचे स्क्रू धरायला आत काही उरलंच नव्हतं. वॉरंटी होती, पण तिच्या अटींत ‘ओलाव्यामुळे झालेलं नुकसान वगळून’ असं स्पष्ट लिहिलेलं. ही ओळ ऑर्डर देण्याआधी शोधा. ती सापडली की मोठं फर्निचर गोव्यासाठी घेऊ नका, इतकं सरळ आहे.

भरीव लाकडाचं म्हणाल, तर जोधपूरकडून येणारं शिसवी फर्निचर ऑनलाइन छान दिसतं आणि लाकूड खरंही असतं. पण ते कोरड्या हवेत घडवलेलं असतं. आपल्या पावसाळ्यात ते फुगतं. एप्रिलमध्ये अगदी तंतोतंत बसणारा ड्रॉवर जुलैत उघडत नाही. घ्यायचंच तर उघडं शेल्फ, टेबल, खुर्ची, बाक असं घ्या. ड्रॉवर आणि दारं असलेलं इथल्या मेस्ताकडून करून घ्या, तो फट किती ठेवायची ते जाणतो आणि घासायला पुन्हा येतो.

सोफ्यासाठी लेदरेट, म्हणजे नकली चामडं, टाळा. त्यावरचा पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर दमट उष्णतेत हळूहळू विघटित होतो आणि मग बसणाऱ्याच्या पाठीला पापुद्रे चिकटतात. कापडी, कव्हर काढून धुता येईल असा, खाली निदान पाच-सहा इंच पाय असलेला सोफा घ्या, म्हणजे खालून पुसता येतं आणि हवा फिरते. आणि लिफ्ट नाही हे विसरू नका. मुख्य दाराची मोकळी रुंदी, जिन्याची रुंदी, वळणावरच्या चौथऱ्याचं माप आणि तिथली डोक्यावरची उंची, ही चार मापं कागदावर लिहा. साइटवर सोफ्याची लांबी ठळक असते, पण वळणावर अडकतो तो पाठीपासून पुढच्या कडेपर्यंतच्या मापामुळे आणि उंचीमुळे. तीन आसनी एकसंध सोफ्याऐवजी सुटा होणारा निवडा. दुसऱ्या मजल्यावर चढवून देणार की तळमजल्यावर ठेवून जाणार, हेही आधी लेखी विचारा. तुमचा पिन ४०३४०१ टाकून डिलिव्हरी आणि जोडणी दोन्ही मिळतात का ते बघा. पुष्कळदा सामान येतं आणि जोडणारा माणूस येत नाही.

गादी ठेवा, फक्त डिलिव्हरी पुढे ढकलता आली तर ढकला. गुंडाळून दाबून येणारी गादी फार दिवस तशीच ठेवायची नसते. आलीच तर सध्याच्या घरी उघडून वापरायला लागा, ‘शंभर रात्री’ वगैरे चाचणीची मुदतही डिलिव्हरीपासूनच चालू होते. माप मात्र आज तपासा. ७२, ७५ आणि ७८ इंच अशा तिन्ही लांबी बाजारात चालतात आणि पलंग आधी की गादी आधी याचा घोळ इथेच होतो. पलंग नंतर करून घेणार असाल तर तो गादीच्या मापाने करा.

पंखे, दिवे, चादरी, टॉवेल, उशा, पडद्याच्या दांड्या, किचनमधल्या बास्केट, हे सगळं खुशाल ऑनलाइन घ्या. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचे) पंखे घ्या. जुना पंखा पंच्याहत्तर वॉट खातो तिथे हे तीसेक वॉटमध्ये चालतात आणि गोव्यात पंखा बंद होतोच कधी? बास्केट आणि बिजागऱ्यांवर फक्त ‘स्टेनलेस’ लिहिलं असेल तर पुढे जा, स्टीलची प्रत ३०४ लिहिलेली हवी. समुद्राजवळच्या घरांना मी ३१६ सांगतो, कारण त्यातलं मॉलिब्डेनम मिठाच्या माऱ्याला तोंड देतं. फोंड्याला ३०४ पुरेल. नळ आणि फ्लश टाकी मात्र गावातल्या दुकानातून घ्या. आतलं कार्ट्रिज गेलं की पावती घेऊन उभं राहायला समोर माणूस लागतो.

पडद्यांचं माप दांडी लावल्यावर घ्या, आधी नाही. तयार पडदे पाच, सात आणि नऊ फुटांत मिळतात, आपल्या खिडक्या नेमक्या मधल्या निघतात. रुंदीला दांडीच्या दुप्पट कापड लागतं, नाहीतर पडदा ओढल्यावर चादर वाळत घातल्यासारखा दिसतो. जड मखमली आणि अस्तराचे पडदे जुलैत कुबट वास धरतात. एका रात्रीत वाळेल असं हलकं कापड घ्या. ज्यूटचे गालिचे नकोत, बुरशी ठरलेली. मला विचाराल तर पडद्याचं कापड म्हापशात किंवा मडगावात हाताने चाचपून घ्यावं आणि शिंप्याला घरी बोलावून माप द्यावं. खर्चात फार फरक पडत नाही आणि लांबी इंचाला जमते.

ऑनलाइन अभिप्राय वाचायची माझी एक पद्धत आहे. पाच तारे सोडून द्या, ते खोकं उघडल्याच्या दिवशी लिहिलेले असतात. दोन आणि तीन तारेवाले वाचा, आणि त्यातलेही ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लिहिलेले, शक्यतो मुंबई, मंगळुरू, कोची इथल्या लोकांचे. त्यांची हवा आपल्यासारखी आहे. दिल्ली-जयपूरवाल्याला तोच वॉर्डरोब पाच वर्षं टिकेल, त्यात तो खोटं बोलत नसतो.

वेळापत्रकाचं सांगतो. फेब्रुवारीत तपासणी आणि तोडफोड, मार्चमध्ये प्लंबिंग आणि वॉटरप्रूफिंग, एप्रिलमध्ये वायरिंग, प्लास्टर, टाइल्स, मेमध्ये लाकूडकाम आणि मोझॅकचं पॉलिश. नवीन प्लास्टर रंगवण्याआधी निदान चार आठवडे सुकू द्या. तोडफोडीच्या आधी सोसायटीची लेखी परवानगी घ्या, कामाच्या वेळा विचारा. दुपारी जेवणानंतर दोनेक तास हातोडा बंद ठेवायचा, हे कुठे लिहिलेलं नसलं तरी पाळा. गवंड्यालाही विश्रांती मिळते आणि शेजाऱ्यांशी पहिल्याच महिन्यात वाकडं येत नाही. मलबा कुठे टाकणार हे कंत्राटात लिहून घ्या, नाहीतर तो जवळच्या शेताच्या बांधावर जातो आणि पावती तुमच्या नावावर फाटते. ठरलेल्या खर्चाच्या वर पंधरा टक्के बाजूला ठेवा. भिंत उघडल्यावर काय निघेल ते कंत्राटदारालाही दिसत नसतं.

मग जूनमध्ये थांबा. पहिले दोन-तीन मोठे पाऊस घर रिकामं असताना पडू द्या. बाहेरच्या भिंतींना आतून पहिला हात प्रायमरचा मारून ठेवा, शेवटचा रंग देऊ नका. जोराचा वारा आणि पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक खिडकीच्या खालून हात फिरवा. कुठे ओलं लागलं तर भिंतीला लागून काही नसताना दुरुस्त करायला एक दिवस लागतो; वॉर्डरोब बसल्यावर आठवडा. जुलैच्या सुरुवातीला रंगाचा शेवटचा हात कोरडे दोन दिवस साधून घ्या आणि त्यानंतर सोफ्याची ऑर्डर द्या. चवथीपर्यंत तरीही हातात वेळ उरतो.

सामान येईल तेव्हा खोकं उघडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा, वरचं लेबल दिसेल असं. पावसात आलेलं खोकं तळाला ओलं असेल तर सही करण्याआधी पावतीवर तसं लिहा. वस्तू सदोष निघाली किंवा जाहिरातीत दाखवली त्यापेक्षा वेगळी असली, तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने अठ्ठेचाळीस तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं, असंही त्यात आहे. फोनवर बोलून वेळ घालवू नका, तक्रार ईमेलने करा, सोबत व्हिडिओ आणि बिल जोडा. तरी दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक आयोगाकडे जायची वेळ आलीच, तर २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात दावा करता येतो. कंपनीचं ऑफिस बेंगळुरूला असलं तरी तुम्हाला तिकडे जावं लागत नाही.